पोटातली कळ आणि आजीचा काढा

आम्ही डहाणू आणि तलासरी तालुक्यातल्या बचत गटांच्या सहयोगिनी. गटाचं रजिस्टर, कर्जाचा हप्ता, बँकेचं पासबुक याबद्दल आपण नेहमीच बोलतो. आज ज्या विषयावर बोलायचं आहे, तो बैठक संपल्यावर, पुरुष माणसं लांब गेली की मग हळू आवाजात निघतो. पाळीच्या वेळी पोटात येणारी कळ आणि त्यावरचे घरचे उपाय, हा तो विषय. आणि हे उपाय आले कुठून, त्याचा इतिहासही आज पाहू.

आवणीचे दिवस होते. एका पाड्यावर आमची बैठक चालली होती. गटातल्या एका ताईची मुलगी, अकरावीला असेल, आवणी अर्धी टाकून घरी आली आणि ओटीवर पोट धरून आडवी झाली. आई म्हणाली, "कामाचा कंटाळा, दुसरं काय!" पण तिथंच बसलेल्या एका आजीनं काही न बोलता परसातनं एरंडाचं पान आणलं. त्याला तेलाचं बोट लावलं, विस्तवावर शेकलं, मनगटाला लावून पाहिलं आणि पोरीच्या ओटीपोटावर ठेवलं. वरून फडकं बांधलं. मग आलं ठेचून गुळाचं कढत पाणी पाजलं. तासाभरानं पोरगी उठून बसली.

आम्ही विचारलं, "आजी, हे तुला कोणी शिकवलं?"

"सासूनं."

"आणि तिला?"

"तिच्या सासूनं. त्याच्या पल्याडचं मी नाय पाहिलं."

हाच आपला इतिहास. सासूपासून सुनेपर्यंत, सुईणीपासून लेकीपर्यंत आलेला. कुणी तो लिहून ठेवला नाही, म्हणून तो नव्हताच असं म्हणता येत नाही.

आपल्या भागाचा जो इतिहास लिहिला गेला, तो आधी थोडा आठवू या. वारली समाजाविषयी के. जे. सावे यांचं इंग्रजी पुस्तक १९४५ साली निघालं. त्याच वर्षी २३ मे रोजी तलासरीजवळ झरी गावात किसान सभेची परिषद भरली आणि वेठबिगार मोडायची असं हजारो वारल्यांनी ठरवलं. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात ती हकिगत सांगितली आहे. त्या पुस्तकाला १९७२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. लग्नासाठी सावकाराकडून काढलेल्या थोड्याशा पैशांपायी नवरा-बायको दोघंही जन्मभर त्याच्या दारात राबायची. त्यांना लग्नगडी म्हणत. जमीनदाराचं गवत कापायला बायाच पुढं असत. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा इथं पोलिसांनी जमलेल्या लोकांवर गोळीबार केला, त्यात जेठ्या गांगड यांच्यासह आपली माणसं गेली.

आज हे सांगण्याचं कारण आहे. ज्या बाईला बाळंतपणानंतरही विसावा नव्हता, तिला पाळीत दुखतं म्हणून कोण घरी बसू देणार? वैद्य लांब, दवाखाना त्याहून लांब, आणि हातात पैसा नाही. मग जवळ काय होतं? चूल होती, परसातला एरंड होता, कुडाला लागलेली निर्गुडी होती, डब्यात ओवा होता. आपल्या आज्यांचं औषध हौसेचं नव्हतं. उद्या पुन्हा कामावर उभं राहता यावं म्हणून ते होतं. काहींना वाटतं की जुनं म्हणजे सगळं सोन्यासारखं. तसं नाही. त्यांच्याजवळ जे होतं त्यातलं गुण देणारं त्यांनी धरून ठेवलं, आणि गुण न देणारंही पुष्कळ त्यासोबत राहिलं. ते वेगळं करणं हे आता आपलं काम आहे.

कळ जुनी आहे, एवढं मात्र पोथ्याही सांगतात. चरकसंहितेत बायकांच्या वीस विकारांचा एक अध्याय आहे. त्यातल्या उदावर्ता नावाच्या विकाराचं वर्णन असं, की वायू उलटा फिरतो म्हणून पाळीला अतिशय वेदना होतात आणि रक्त मोकळं झालं की बाईला लगेच बरं वाटतं. म्हणजे दोन हजार वर्षांच्या आसपासच्या ग्रंथात हे दुखणं खरं मानलेलं आहे. "नाटक करते" असं तिथं लिहिलेलं नाही.

पुढं बायकांचं दुखणं बायकांनीच समजून घ्यावं म्हणून आपल्याच महाराष्ट्रातली एक मुलगी समुद्र ओलांडून गेली. कल्याणच्या आनंदीबाई जोशी. चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या आणि बाळ दहा दिवसांत गेलं. नीट उपचार मिळाले असते तर ते वाचलं असतं, हे त्यांच्या मनानं घेतलं. १८८६ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या. आणि त्यांनी प्रबंध लिहिला तो कशावर? आपल्याकडच्या हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. नवं शिकायला गेल्या, पण जुनं काय होतं तेही जगाच्या टेबलावर मांडलं. पुढच्याच वर्षी, १८८७ मध्ये, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी क्षयानं त्या गेल्या.

आता ही कळ येते कशी, ते पाहू. गर्भपिशवी ही एक स्नायूची पिशवी आहे. पाळी आली की आतलं अस्तर सुटतं आणि ते बाहेर टाकायला पिशवी आवळते. पिळून घेतलेल्या फडक्यासारखी. ती जास्त जोरात आवळली की तिच्याच स्नायूला रक्त कमी पडतं आणि कळ येते. १९५७ साली पिकल्स नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञानं पाळीच्या स्रावात स्नायू आवळणारा पदार्थ असल्याचं दाखवलं. हा पदार्थ प्रोस्टाग्लँडिन या गटातला असल्याचं पुढं कळलं. १९७१ साली जॉन व्हेन यांनी सिद्ध केलं की ॲस्पिरिनसारख्या गोळ्या शरीरात हे प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच अडवतात. या क्षेत्रातल्या कामाबद्दल त्यांना आणि आणखी दोघांना १९८२ चं नोबेल पारितोषिक मिळालं. म्हणजे पाळीच्या दुखण्याचं नेमकं कारण जगाला कळून अजून सत्तर वर्षंही पुरी झालेली नाहीत. तोवर शिकलेले डॉक्टरसुद्धा "लग्न झालं की बरं होईल" असं सांगून मुलींना परत पाठवत.

मग आजीचा काढा आणि एरंडाचं पान या शास्त्रात कुठं बसतं? पान शेकून पोटावर ठेवलं की ऊब मिळते, स्नायू सैल होतो आणि रक्त फिरतं. २००१ साली अमेरिकेत एक अभ्यास झाला. काही बायकांच्या पोटावर साधारण ३९ अंश सेल्सिअसची उबदार पट्टी दिवसातले बारा तास ठेवली आणि काहींना आयब्युप्रोफेनची गोळी दिली. नुसत्या उबेनंही गोळीइतकाच आराम पडला. आल्याचंही तसंच. २००९ साली इराणमध्ये १५० विद्यार्थिनींवर अभ्यास झाला. काहींना सुंठेची भुकटी, काहींना मेफेनॅमिक ॲसिड, काहींना आयब्युप्रोफेन. तिन्ही गटांत आराम जवळपास सारखा आला. मात्र २०१६ साली जगभरातले असे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा तपासणाऱ्यांनी सांगितलं की आलं, मेथी यांचा उपयोग होत असावा असं दिसतं, पण पुरावा अजून कच्चा आहे. हेही आपण लपवू नये. आलं आणि शेक वापरून पाहण्यासारखे आहेत, पण त्यानं हमखास बरं वाटेल असा शब्द कुणाला देऊ नका.

आता कागद-पेन घ्या. बैठकीत सांगता येईल असं थोडक्यात सांगतो.

पहिला उपाय शेकाचा. वाळू किंवा जाडं मीठ तव्यावर गरम करा, सुती फडक्यात बांधा, आधी स्वतःच्या मनगटाला लावून पाहा आणि मगच ओटीपोटावर आणि कमरेवर ठेवा. एरंडाचं किंवा निर्गुडीचं पान शेकूनही चालतं. स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून ती फडक्यात गुंडाळली तरी तेच काम होतं. वीस-पंचवीस मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. कातडी लाल होईस्तोवर शेकू नका. एरंडाचं पान फक्त वरून लावायचं, त्याचं बी चुकूनही तोंडात जाऊ देऊ नका. ते विषारी आहे.

दुसरा आल्याचा काढा. बोटाच्या एका पेराएवढं आलं ठेचून दीड कप पाण्यात टाका, एक कप उरेपर्यंत उकळा, थोडा गूळ घाला. सुंठ असेल तर पाव चमचा पुरते. पाव चमचा म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. दिवसातून दोन-तीन वेळा. कळ सुरू झाल्यावर घेण्यापेक्षा पाळीच्या आदल्या दिवसापासून सुरू केलं तर बरं, आणि तीन दिवस पुरे. ज्यांच्या पोटात आग पडते त्यांनी उपाशीपोटी घेऊ नये. जिला रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे तिनं घेऊ नये. दिवस गेल्याची शंका असेल तर आधी खात्री करून घ्यावी.

तिसरा ओव्याचा. अर्धा चमचा ओवा आणि चिमूटभर मीठ चावून वर कोमट पाणी. पाळीत पोट फुगतं, गॅस धरतो, त्याला यानं मोकळं वाटतं. बाळंतशेपांचं पाणीही असंच. चौथा उपाय म्हणजे पोटभर खाणं आणि हिंडणं-फिरणं. नाचणीची भाकरी, टाकळा, तीळ-गूळ, सुकी मासळी हे पाळीच्या चार दिवसांपुरतं नको, बारा महिने पोटात जायला हवं. रक्त कमी असलेल्या पोरीला तेच दुखणं दुप्पट जाणवतं.

एवढं करूनही कळ थांबत नसेल तर गोळी घेणं हा काही गुन्हा नाही. "गोळीनं पुढं मूल होत नाही" असं आपल्याकडं सर्रास म्हणतात. ते खरं नाही. फक्त आशाताईला किंवा डॉक्टरला विचारून, जेवण करून आणि सांगितली तेवढीच घ्यावी. आजीनं काढा दिला आणि आरोग्य उपकेंद्रानं गोळी दिली, तर त्यात भांडण कशाला लावायचं?

आता जे करू नये त्याबद्दल. इथं आम्ही हात जोडून सांगतो, नीट ऐका.

श्रावण-भाद्रपदात कुंपणावर एक वेल चढते. पिवळी-लाल, आगीच्या जिभेसारखी फुलं. तिचं नावच कळलावी. बाळंतपणात कळा याव्यात म्हणून तिचा कंद वापरायचे, त्यावरून हे नाव पडलं. त्या कंदात जहाल विष आहे. थोडासा पोटात गेला तरी माणूस दगावतो. तसंच चित्रकाचं मूळ. पाळी 'आणण्यासाठी' दिलेल्या औषधांत ते असतं. पाळी आणण्याचं औषध आणि पाळीचं दुखणं कमी करण्याचं औषध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत करून कितीतरी बाया जिवाला मुकल्या असतील, त्यांचीही नोंद कुठं नाही. पाळी चुकली असेल तर सरकारी दवाखान्यात जा. कायद्यानं तिथं मदत मिळते.

अशोकाचंही ऐका. अंगावर जास्त जातं तेव्हा अशोकाची साल आयुर्वेदात सांगितली आहे. पण तो सीतेचा अशोक, ज्याला केशरी-लाल फुलांचे गुच्छ येतात तो. शाळेच्या आवारात उभा असतो तो खांबासारखा उंच, ज्याला गुजरातच्या सीमेवरचे आपण आसुपालव म्हणतो, तो वेगळा. एका गटानं बाजारातून 'अशोकाची साल' म्हणून पुडी आणली होती. काढा उकळून ठेवला, चार मुलींना पाजला. दोघींना रात्रभर उलट्या झाल्या. साल कशाची होती ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. साल सोलल्यावर झाडाची ओळख जाते, हा धडा आम्ही तेव्हा शिकलो. शिवाय खरा अशोक सालीपायी तोडला जाऊन आता जगाच्या धोक्यातल्या झाडांच्या यादीत गेला आहे. दुखण्यावर आलं आणि शेक पुरत असताना झाड कशाला सोलायचं?

आणखी एक गोष्ट, ती सांगताना आम्हाला अजून अपराधी वाटतं. आमच्या एका गटातली सतरा वर्षांची मुलगी. दर पाळीला दुखायचं. आम्हीच तिच्या आईला शेक आणि काढा सांगितला होता. मैत्रिणींना गुण आला, हिला येईना. पोटाबरोबर हात-पाय, पाठ, सांधे ठणकायचे, डोळे पिवळे दिसायचे. आम्ही म्हटलं, "आणखी दोन महिने कर." असे आठ महिने गेले. शेवटी एका नर्सताईनं पाहिलं आणि रक्त तपासायला पाठवलं. सिकलसेल निघाला. आपल्या आदिवासी भागात हा आजार घराण्यातून येतो, आणि ज्यांना तो असतो त्यांच्या वेदनेचा झटका पाळीच्या दिवसांत उठू शकतो. सरकारी दवाखान्यात त्याची तपासणी फुकट होते. ती मुलगी आज उपचारावर आहे, शिकते आहे. पण आठ महिने आम्ही काढ्याच्या भरवशावर घालवले.

म्हणून ही यादी भिंतीवर लावा. दुखण्यामुळं दर महिन्याला शाळा किंवा काम बुडत असेल. दर वेळी दुखणं वाढत चाललं असेल. पाळी नसतानाही दुखत असेल. ताप असेल किंवा घाण वासाचं जात असेल. तासाभरात पॅड किंवा घडी भिजत असेल, किंवा पाळी सात दिवसांपेक्षा जास्त चालत असेल. पाळी चुकून मग एकदम कळ आणि रक्त आलं असेल. सांधे ठणकत असतील, डोळे पिवळे दिसत असतील. किंवा मुलगी वयात आली, दर महिन्याला कळ येते पण पाळीच येत नाही, असं असेल. यातलं एक जरी असलं तरी काढा बाजूला ठेवा आणि दवाखाना गाठा.

दुखणं अंगावर काढलं की काय होतं, ते बीडनं दाखवलं. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं २०१९ साली उघडकीला आलं. सरकारनं समिती नेमली. ८२ हजार ३०९ बायकांची पाहणी झाली, त्यात १३ हजार ८६१ जणींची पिशवी काढलेली होती. पाळीचं दुखणं, अंगावरून जाणं, एक खाडा झाला तर कापला जाणारा पैसा, आणि "पिशवीच काढून टाका" असा सल्ला. आपल्याकडूनही दिवाळी झाली की कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्टीला जातात. तिथं ना आडोसा, ना पाणी, ना आराम. वेळेवर दिलेला शेक, वेळेवर केलेली तपासणी आणि चार तासांची विश्रांती ही पिशवी वाचवणारी गोष्ट आहे.

शेवटचा मुद्दा लिहून ठेवण्याचा. लग्नाचा चौक आपल्या सवाशिणींनी पिढ्यान् पिढ्या भिंतीवर काढला. १९७० च्या दशकात तो कागदावर गेला, जिव्या सोमा मशे यांच्यामुळं जगभर पोहोचला. त्यांना पद्मश्रीही मिळाली. भिंतीवरचं चित्र जगानं पाहिलं. त्याच घरातल्या चुलीवरचा काढा मात्र कुणी विचारला नाही. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी तिथल्या बायकांकडून झाडांची माहिती ऐकून 'गोईण' हे पुस्तक लिहिलं. त्याच राणीताई आणि अभय बंग यांनी १९८९ साली दोन गावांतल्या ६५० बायका तपासून दाखवलं होतं, की शंभरातल्या ब्याण्णव जणींना अंगावरचं काही ना काही दुखणं आहे आणि त्यातल्या फारच थोड्या जणींची कधी तपासणी झाली होती. झाडाचं ज्ञान आणि दवाखान्याची तपासणी दोन्ही एका हातात कशी धरावी, हे त्यांच्याकडून शिकावं.

लिहिलेलं किती कामाला येतं, ते हळदीनं दाखवलं. १९९५ साली अमेरिकेत हळदीनं जखम भरण्याचं पेटंट दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली आपल्या संस्थेनं त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. कशाच्या जोरावर? जुन्या लिखित पुराव्यांच्या. "आमच्या आजीला माहीत होतं" एवढ्यावर तिथं चाललं नसतं.

२००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणं प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती असते आणि लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. तुमच्या गावची वही कुठं आहे, ते ग्रामसभेत विचारा. त्यात बायकांनी सांगितलेलं काय आहे, ते वाचून घ्या. नसेल तर पुढच्या बैठकीला आपल्या आजीला घेऊन या. झाडाचं इथलं नाव, कुठं मिळतं, कोणता भाग, किती, कशासोबत, कुणाला देऊ नये, असं सगळं तिला विचारा. शेवळं काकडाशिवाय शिजवलं तर घसा खाजतो, हे आपल्याला माहीत आहे. औषधाचंही तसंच, नुसतं नाव लिहून भागत नाही.

त्या पाड्यावरची अकरावीतली पोरगी आता आमच्या बैठकांना वही घेऊन येते. आजी सांगते, ती लिहिते. परवा आजीनं विचारलं, "माझं नाव पण लिहिलंस का गं?" तिनं लिहिलं होतं. सगळ्यात वर.

तुमच्या आजीचंही लिहा.